धुणं तासाभराचं

परांची उशी धुवायला काढली आहे, असं कुणी फोनवर सांगितलं की मी आधी विचारते, "पुढचे दोन दिवस घरी आहेस ना?" साबण कोणता, पाणी किती गरम, हे सगळं मागाहून. उशी मशीनमधून तासा-दीड तासात धुऊन बाहेर येते. तिथून पुढे जे सुरू होतं त्याला सवड लागते, आणि पिसांच्या बहुतेक उशा वाया जातात त्या घरातल्यांना तेवढी सवड नसते म्हणून. पाण्याने पिसांचं फारसं बिघडत नाही. बदक जन्मभर पाण्यातच असतं. बिघडतं ते वरून हात लावून "झाली वाटतं कोरडी" असं म्हणत अभ्रा चढवण्याने.

पुण्याहून स्टुटगार्टला राहायला आले तेव्हा घरातल्या सामानात सगळ्यात परकी वाटली ती इथली उशी. चौकोनी, ८० सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद. आमच्याकडे एवढ्या मापात दोन माणसांची सोय होते. डोकं टेकलं की ते खाली खाली जातं, दोन्ही बाजूंनी उशी गालांशी येते आणि खांदाही तिच्यावरच घ्यायचा की खाली ठेवायचा, हे पहिले काही दिवस कळत नाही. नीटनेटक्या घरांत, आणि अंथरुणाच्या दुकानांत तर हमखास, या उशीच्या वरच्या काठावर मधोमध तळहाताची कड मारून खळगा पाडलेला असतो. हा खळगा कशासाठी, असं मी बऱ्याच जणांना विचारलं. "तसंच करतात," एवढंच उत्तर मिळालं. घरी आईला काही विचारलं की असंच उत्तर यायचं, त्यामुळे मी तिथेच थांबले.

या उशीच्या पोटात बदकाची किंवा पाळीव हंसाची पिसं असतात, आणि ती दोन जातींची. एक नेहमीचं पीस: मधे दांडा, दांड्याला बाक. या बाकामुळे ते दाबलं तरी पुन्हा उसळी घेतं. दुसरी असते छातीवरची आतली लव, तिला इथे डाउने म्हणतात. तिला दांडा नसतो. एका बिंदूतून सगळीकडे तंतू फुटलेले असतात आणि त्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. पिसं डोक्याला आधार देतात, लव मऊपणा आणि ऊब देते. उशी स्वस्त तितकी पिसं जास्त, आणि पिसं जास्त तितके दांडे जास्त. रात्री गालाला काहीतरी टोचतं, चाचपून बघितलं तर खोळीतून दांड्याचं टोक बाहेर आलेलं असतं. ते चिमटीत धरून ओढून काढण्याचा मोह कुणालाही होतो. ओढू नये. टोक बारीक असतं, पण मागून येणारं पीस रुंद असतं, आणि ते बाहेर पडताना विणीतलं भोक मोठं करतं. मग त्या वाटेने बाकीची पिसं येऊ लागतात. पलीकडून, म्हणजे उशीच्या पोटातलं तेच पीस खोळीवरूनच चिमटीत पकडावं आणि आत खेचून घ्यावं. मग नखाने ती जागा थोडी चोळली की वीण पुन्हा मिटते. हे मला शेजारच्या आजींनी दाखवलं. त्यांचं वय नव्वदीकडे झुकलेलं आहे आणि त्यांच्या लग्नातल्या उशा अजून वापरात आहेत.

पीस म्हणजे केराटिन. आपले केस, नखं, मेंढीची लोकर हे सगळं त्याच प्रथिनाचं. म्हणून साबणाचा प्रश्न कपडे म्हणून नाही, केस म्हणून सोडवायचा. धुण्याचा सोडा आणि ब्लीच आपण डोक्याला लावत नाही, तर पिसांनाही लावायचा नाही. नेहमीच्या पावडरींत रक्त, दूध, अंडं यांचे डाग काढण्यासाठी प्रथिनं पचवणारी एन्झाइम घातलेली असतात. डाग कोणता आणि पीस कोणतं, हे त्या एन्झाइमला कळायचं काही कारण नाही. लोकरीला चालणारा सौम्य, पातळ साबण घ्यावा, आणि तोही नेहमीच्या निम्मा. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नको; त्याचा थर लवेच्या तंतूंवर बसतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि ज्या फुगीरपणासाठी एवढे पैसे मोजले तोच जातो.

केसांचा विषय निघालाच आहे तर आपल्या डोक्याबद्दलही बोलायला हवं. जर्मन उशी पिवळी पडते ती घामाने आणि कातडीच्या तेलकटपणाने. मराठी उशी पिवळी पडते त्यात पॅराशूटचा वाटा मोठा. शनिवारी रात्री तेल चोपडून झोपायचं आणि रविवारी सकाळी न्हायचं, ही सवय इथे आल्यावरही सुटलेली नाही, सुटावी असं मला वाटतही नाही. पण खोबरेल अभ्र्यातून खोळीत आणि खोळीतून पिसांत उतरतं. धुताना ते सौम्य साबणाने पुरतं निघत नाही, आणि उरलेलं तेल महिन्या-दोन महिन्यांत खवट वास मारू लागतं. त्या रात्रीपुरता उशीवर जुना पंचा टाकायचा, हा आईचा उपाय मी तसाच चालवते. शिवाय अभ्र्याच्या आत आणखी एक, चेन असलेला सुती अभ्रा घालून ठेवते. हा आतला अभ्रा दर महिन्याला धुतला की उशी धुण्याची वेळ वर्षा-दोन वर्षांतून एकदाच येते. त्याहून जास्त धुऊ नये, असं माझं मत आहे. प्रत्येक धुण्यात पिसांचा नैसर्गिक तेलकटपणा थोडा जातोच.

खरी अडचण साबणाची नव्हती. अडचण होती ती माझ्या हातातल्या सवयींची, कारण मी वाढले ती सावरीच्या उशांवर.

आजोळी कोकणात घरामागे काटेसावर होती. फेब्रुवारी-मार्चात पान नसलेल्या फांद्यांवर लाल फुलं, एप्रिलच्या शेवटाला बोंडं तडकायची आणि कापूस वाऱ्यावर निघायचा. तो उडून जाण्याआधी बोंडं उतरवायची, बंद खोलीत तोंडाला फडकं बांधून सरकी वेगळी करायची आणि पांढरा कापूस खोळीत भरायचा. हा कापूस सुताचा नव्हे. त्याचा तंतू आखूड, गुळगुळीत, आतून पोकळ आणि वरून मेणकट असतो. त्याचं सूत निघत नाही, पाणी त्यात शिरत नाही. सावरीच्याच कुळातल्या कपोकचा असाच कापूस दुसऱ्या महायुद्धापर्यंत जहाजांवरच्या लाइफ जॅकेटमध्ये भरत असत. असा कापूस धुण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. धुतला तर मेणकट थर जातो, पोकळ तंतू चेपतात, गोळे होतात आणि ते गोळे पुन्हा फुलत नाहीत. सावरीच्या उशीला द्यायचं ते फक्त ऊन. वैशाखातलं, भर दुपारचं. गच्चीवर चटई टाकून सगळ्या उशा मांडायच्या, मधे एकदा उलटायच्या, संध्याकाळी हातांनी थोपटून आत आणायच्या. साध्या कापसाच्या उशा आणि गाद्या काठीने बडवायच्या, आणि बडवूनही भागलं नाही की पिंजाऱ्याला बोलवायचं. तो धुनकी घेऊन अंगणात बसला की तिच्या तातीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि तासाभरात वाड्यातल्या प्रत्येकाच्या केसांत कापूस असायचा.

म्हणजे उशी म्हटलं की माझे हात दोनच गोष्टी जाणत होते: कडक ऊन आणि चांगला मार. पिसांना नेमक्या याच दोन गोष्टी सोसत नाहीत. तळपत्या उन्हात दिवसभर ठेवली तर पिसं कोरडी पडून ठिसूळ होतात. काठीने मारलं तर दांडे मोडतात. मोडलेल्या दांड्यांची टोकं खोळीला भोकं पाडतात, आणि लवेचा भुगा होऊन तो विणीतून धूळ म्हणून बाहेर येत राहतो. पिसांच्या उशीला लागतो तो वारा, आणि सावली. तिला मारायचं नाही, झटकायचं. दोन कोपरे धरून, वर उचलून, हिसका देऊन.

शेजारच्या आजी हे रोज करतात. सकाळी सातला त्यांची खिडकी उघडते, पुरती, दोन्ही दारं सताड. बाहेर शून्याखाली तापमान असलं तरी. उशा आणि पिसांची रजई खिडकीच्या काठावर येते. अर्ध्या तासाने झटकून आत जाते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात फ्राऊ होलेची गोष्ट आहे. ती अंथरूण झटकते तेव्हा त्यातली पिसं उडून पृथ्वीवर बर्फ पडतो. डिसेंबरात आजींची खिडकी बघताना ती गोष्ट कशी सुचली असेल याचं मला कोडं पडत नाही. रात्रभर माणूस घाम आणि श्वास यांतून पुष्कळ पाणी सोडतो, आणि ते आधी उशीत आणि गादीत जातं. उठल्या उठल्या चादर घट्ट ओढून त्यावर पलंगपोस घालण्याची आपली टापटीप इथे उलटी पडते. ओल आत कोंडली जाते. आजी धुतात फार क्वचित. पण त्यांच्या उशीला नाक लावलं तर वास येत नाही.

ओल नको याचं आणखी एक कारण आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की घरातल्या धुळीने होणाऱ्या अ‍ॅलर्जीमागे धुळीत राहणारा एक सूक्ष्म माइट आहे. हा प्राणी आपल्या कातडीच्या गळालेल्या कोंड्यावर जगतो. तो पाणी पीत नाही; हवेतला दमटपणाच शोषून घेतो. म्हणून कोरड्या अंथरुणात त्याची संख्या वाढत नाही. पुष्कळ डॉक्टर अ‍ॅलर्जीवाल्याला पहिल्या भेटीत पिसांची उशी टाकून सिंथेटिक घ्यायला सांगतात. १९९६ साली न्यूझीलंडमध्ये दोन्ही प्रकारच्या उशा तपासल्या तेव्हा माइटचं अ‍ॅलर्जन सिंथेटिक उशांत जास्त निघालं. कारण समजायला सोपं आहे. पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून त्या उशीची खोळ इतकी दाट विणलेली असते की माइटलाही आत जाणं अवघड जातं. सिंथेटिक उशीला कसलीही खोळ चालते.

आता प्रत्यक्ष धुणं. ते खरंच थोडक्यात सांगण्यासारखं आहे.

उशीच्या खोळीवर शिवलेली पट्टी आधी वाचावी. पाण्याच्या टबाच्या चित्रावर फुली असेल तर विषय संपला. त्यात ३०, ४० किंवा ६० आकडा असेल तर तेवढंच तापमान. ६० ला माइट मरतात, पण पट्टी ४० म्हणत असेल तर ४०. मग खोळ उजेडाकडे धरून चारही शिवणी बोटाने चाचपाव्यात. कुठे टाका उसवला असेल तर आधी शिवावा, तेही बारीक सुईने, कारण जाड सुईचं भोक हीच पिसांची पुढची वाट. ओली पिसं जड होतात आणि सगळा भार शिवणीवर येतो. शिवण मशीनमध्ये उसवली तर ओली पिसं ड्रमच्या प्रत्येक छिद्रात बसतात, आणि मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

त्याआधी आणखी एक काम. उशीचं वजन करून ते कागदावर लिहून ठेवावं. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात बॅगा तोलायचा लहान काटा असतो. २३ किलोच्या मर्यादेत चकली, मेतकूट आणि भाजणी बसवण्यासाठी घेतलेला. उशीचे दोन कोपरे एकत्र करून दोरीने बांधायचे आणि काट्याला लटकवायचं. आकडा साधारण सव्वा किलोच्या आसपास येतो. त्याचा उपयोग नंतर.

मशीन पुढून उघडणारं हवं. वरून उघडणाऱ्या मशीनमधला मधला खांब उशीला पीळ घालतो. एवढी मोठी उशी एकटीच धुवावी. लहान असतील तर दोन, म्हणजे ड्रमचा तोल राहतो. उशी आत घालताना दाबून तिच्यातली हवा काढावी, नाहीतर ती पाण्यावर तरंगते आणि एकच बाजू धुतली जाते. घट्ट विणीमुळे हवा पटकन बाहेर पडत नाही. गुडघ्याने दाबून धरलं की फुस्स असा लांब आवाज करत पुष्कळ वेळ निघत राहते. तेलाचा डाग असेल तिथे भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने चोळून ठेवावा. साबण थोडा, विसळणं दोनदा. साबण पिसांत राहिला की पिसं चिकटतात आणि सुकल्यावर उशी करकरते. पाणी काढण्यासाठी मशीनने एकदा जादा फिरवावं, पण हातांनी पिळू नये. बाहेर काढताना कोपरा धरून ओढायचं नाही. दोन्ही हात खाली घालून, झोपलेलं मूल उचलावं तशी उचलायची.

या वेळी ती दिसायला दयनीय असते. एवढी थोरली उशी, आणि तळाशी एक ओला गोळा. वासही येतो, ओल्या पक्ष्याचा. पहिल्यांदा धुणारी माणसं इथेच घाबरतात आणि पुन्हा धुतात. गरज नाही. ओलं पीस वास मारतंच. पूर्ण सुकलं की तो जातो. सुकल्यावरही उरला, तर समजावं की ते सुकलेलं नाही.

वाळायला इतका वेळ का लागतो, याचं कारण पुन्हा त्या खोळीत आहे. जी वीण पिसं बाहेर येऊ देत नाही, ती वाफही सहज बाहेर जाऊ देत नाही. आत ओली पिसं एकमेकांत अडकून गुठळ्या होतात. गुठळीचा बाहेरचा भाग सुकतो, गाभा ओला राहतो. वरून हात फिरवला तर कोरडी खोळच लागते. अशी उशी अंथरुणात गेली की शरीराची ऊब आणि आतली ओल मिळून बुरशीची सोय होते. पुढे कुबट वास आणि खोळीवर काळे ठिपके दिसू लागले की ती उशी कशानेही परत येत नाही. टाकून द्यायची.

ड्रायर असेल तर सर्वांत मंद आचेवर लावावा आणि आत टेनिसचे दोन-तीन स्वच्छ चेंडू टाकावेत, प्रत्येक चेंडू पांढऱ्या मोज्यात बांधून, म्हणजे रंग लागत नाही. चेंडू आपटत राहतात आणि गुठळ्या फुटतात. दर अर्ध्या तासाने उशी बाहेर काढायची, झटकायची, आणि बोटांनी चाचपून जिथे गोळा लागेल तिथे तो खोळीवरूनच दोन्ही हातांनी कुस्करून मोकळा करायचा. हे काम मला आवडतं. सुरुवातीला गोळे लिंबाएवढे लागतात, मग सुपारीएवढे, मग साबुदाण्याएवढे, आणि एका फेरीला हाताला काहीच लागत नाही. त्यानंतरही थांबायचं नाही. ड्रायरची जाळी मधूनमधून साफ करावी, ती तुंबली तर आग लागू शकते. आणि तो चालू ठेवून बाहेर जाऊ नये. सावरीची उशी तर ड्रायरच्या जवळही नेऊ नये. तो कापूस भडाभडा पेटतो.

चेंडूंचा आवाज हा मात्र इथला नाजूक विषय आहे. स्टुटगार्टच्या इमारतींत रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. जिथे जिना झाडण्याच्या आठवड्याची पाटी पाळीपाळीने प्रत्येकाच्या दाराला लागते आणि पाटी असलेल्याने झाडलं की नाही हे सगळे बघतात, तिथे रविवारी दुपारी ड्रायरमध्ये धडाम धडाम करणं म्हणजे वर्षभराची ओळख घालवणं. उशी शनिवारी सकाळी लावावी.

ड्रायर झाला की उशी कपडे वाळवण्याच्या घोडीवर आडवी पसरून, खिडकीशी, उन्हाच्या झोतात नव्हे, आणखी एक दिवस ठेवावी. येता-जाता पालटावी. दुसऱ्या दिवशी काटा काढावा आणि लटकवून वजन करावं. कागदावरचा आकडा आणि हा आकडा जुळला तर उशी कोरडी. शंभर-दीडशे ग्रॅम जास्त भरली तर तेवढं पाणी तिच्या पोटात आहे, हाताला काहीही वाटो. ही युक्ती मी आजींना सांगितली तेव्हा त्या खूप हसल्या. मग माझा काटा मागून घेऊन गेल्या.

उशी धुण्याजोगी आहे की नाही, हेही आधी बघावं. तिची दुमडून घडी घालायची, दाबून हवा काढायची आणि हात सोडायचा. आपणहून उलगडली तर पिसांत जीव आहे. दुमडलेलीच राहिली तर धुऊन उपयोग नाही. अशा उशा इथले लोक लगेच टाकत नाहीत. अंथरुणाच्या जुन्या दुकानांत पिसं साफ करून देणारं यंत्र असतं. माणूस तुमच्यादेखत खोळ उसवतो, एका नळीने सगळी पिसं ओढून घेतो. काचेच्या खिडकीमागे पिसं वाफेत आणि गरम हवेत गरगरत राहतात, मोडका भुगा आणि धूळ चाळून खाली पडते. मग जेवढी घट झाली तेवढी नवी पिसं घालून तो नवीन खोळीत भरतो आणि शिवण मारून हातात देतो. घट किती झाली आणि नवी पिसं कसल्या प्रतीची, यावर त्या काऊंटरवर जी घासाघीस चालते ती मी आमच्या वाड्यात पिंजाऱ्याशी आईला करताना ऐकलेली आहे, शब्दही फारसे वेगळे नाहीत. पुण्यात गादी कारखान्यांच्या पाट्या अजून दिसतात, पण अंगणात येऊन बसणारा धुनकीवाला गेला. तो गेला तो फोमने घालवला, आणि फोमची उशी पिंजता येत नाही, उन्हात टाकली तर ठिसूळ होते. तिचं आयुष्य संपलं की ती कचऱ्यातच जाते. या व्यवहारात आपण कमावलं काय, मला सांगता येणार नाही.

पिसांच्या उशीची बाजू मी मांडते आहे असं वाटेल, म्हणून तिच्या विरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टीही सांगते. २०१९ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनच्या डॉक्टरांनी एका ४३ वर्षांच्या माणसाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्याने अंथरूण बदलून पिसांचं घेतलं आणि काही काळाने त्याला जिना चढताना धाप लागू लागली. पिसांच्या धुळीने फुप्फुसाला सूज आली होती. अंथरूण पुन्हा बदललं, औषधं दिली, तो बरा झाला. असं क्वचित होतं, पण नवी पिसांची उशी घेतल्यावर सुका खोकला आणि धाप सुरू झाली तर डॉक्टरांना उशीचंही सांगावं. जुनी खोळ घरी उसवायची असेल तर नाकातोंडाला मास्क हवाच.

दुसरी गोष्ट माझ्या सासूबाईंची. त्या इथे आल्या तेव्हा मी कौतुकाने नवी उशी दिली. हाताने दाबून बघत त्यांनी विचारलं, "हे कशाचं गं?" मी सांगितलं. बहुतेक पिसं मांसासाठी वाढवलेल्या पक्ष्यांचीच असतात, पिसांसाठी वेगळा पक्षी मारत नाहीत, जिवंत पक्ष्याची पिसं उपटलेली नाहीत अशी हमी देणारी चिठ्ठीही आता मिळते, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे जे मी ताटात घेत नाही ते डोक्याखाली घ्यायचं," एवढंच म्हणाल्या आणि शाल घडी करून त्यावर झोपल्या. मला त्यावर काही बोलता आलं नाही. त्यांच्यासाठी आता घरात कापसाची उशी आहे, पुण्याहून आणलेली. ती मी बाल्कनीत भर उन्हात टाकते, आणि बडवतेही.

आता महाराष्ट्रातही पिसांच्या उशा दिसू लागल्या आहेत. कुणी परदेशातून आणतं, कुणी हॉटेलात डोकं टेकून बघतं आणि ऑनलाइन मागवतं. ड्रायर मात्र थोड्याच घरांत असतो. त्याची सोय नसेल तर मार्च ते मे हे दिवस धरावेत. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या हवेत, सावलीत, पंख्याखाली, दर दोन तासांनी झटकून आणि गोळे मोडून ती दोन-तीन दिवसांत सुकते. मुंबईत आणि कोकणात एप्रिलमध्येही हवा ओली असते, तिथे घरी धुण्याचा हट्ट धरू नये. मोठा ड्रायर असलेली लाँड्री गाठावी आणि मंद आचेवर लावा असं स्पष्ट सांगावं. आणि हे वाचत असताना बाहेर पाऊस लागलेला असेल, तर उशीला हात लावू नका. आतला अभ्रा बदला, उशी रोज झटका, पंख्याखाली ठेवा. धुण्याचं दिवाळीनंतर बघू.